सत्तावन्न मतपत्रिका

येवला
१९ जानेवारी २०२६

आदरणीय बुद्धभूषण सर,
सलाम.

फोन केला होता. तुमच्या सूनबाईंनी सांगितलं की, मशीन लावूनही तुम्हाला फोनवरचं नीट ऐकू येत नाही, पत्र मात्र दोनदा वाचता. म्हणून लिहिते. तुम्ही निवडणूक शाखेतले कारकून आणि मी हायस्कूलची शिक्षिका, अशा चार निवडणुका आपण एकत्र केल्या. त्या ओळखीवर एक काम सांगते आहे.

आमच्या विणकर मंडळाचे सत्तावन्न सभासद आहेत आणि मालकीची एक शेड आहे. शेडमध्ये बारा माग. आठ मागांवर सभासद आळीपाळीने बसतात. उरलेल्या चार मागांवर शिकाऊ मुली बसतात, बहुतेक विणकरांच्या घरच्या नसलेल्या. आईचा माग माझ्या नावावर झाला म्हणून मीही सभासद, आणि निवृत्त मास्तरीण सापडली म्हणून चिटणीसही मीच. बारा वर्षं यादवकाका अध्यक्ष होते. दर वेळी हात वर व्हायचे आणि चहा यायचा. डिसेंबरात त्यांनी तब्येतीमुळे पद सोडलं आणि आता तिघे उभे आहेत.

महेशला शेडचा पुढचा अर्धा भाग काच लावून पर्यटकांसाठी उघडायचा आहे आणि तिथे यंत्रावरचं कापडही ठेवायचं आहे. लताबाई शिकाऊ मुलींना शिकवतात. त्यांना सगळं आहे तसं ठेवून मुलींना सभासद करून घ्यायचं आहे. तिसरा इनायत, माझा धाकटा भाऊ. बाराही माग फक्त मुरलेल्या हातांना मिळावेत, असं त्याचं म्हणणं. कच्च्या हाताने रेशीम वाया जातं आणि जुनी घरं मागासाठी ताटकळत बसतात, असं तो म्हणतो. त्याचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही.

अडचण अशी की महेशला वीस-बावीस मतं पक्की आहेत. बाकीचे पस्तीस जण त्याला नको म्हणतात, पण ते लताबाई आणि इनायत यांच्यात वाटले जाणार. म्हणजे पस्तीस जणांना नको असलेला माणूस बावीस मतांवर अध्यक्ष होईल. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. याला बहुमत म्हणायला जीभ रेटत नाही.

तुम्ही येऊन ही निवडणूक घ्याल का?

आपली,
ताहेरा मोमीन


जेल रोड, नाशिक रोड
२४ जानेवारी २०२६

ताहेरा मॅडम,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. दोनदा नाही, तीनदा वाचलं.

येईन. पण आधी एक गोष्ट नोंदवून घ्या आणि तिन्ही उमेदवारांना सांगा. तेजल नावाची जी मुलगी लताबाईंच्या हाताखाली शिकते, ती माझी सख्खी भाची, कुसाबाईची मुलगी. यावर एकाचीही हरकत असेल तर मी येणार नाही. वाईट वाटून घेणार नाही.

आता रीतीबद्दल. हात वर करणं बंद करा. माणूस आधी शेजाऱ्याचा हात बघतो आणि मग आपला उचलतो. गुप्त मतदान घ्या. पुढे मार्ग तीन. एक, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून. त्यात तुम्ही म्हणता ती अडचण आहे. दुसरा, पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. पण दुसऱ्या दिवशी निम्मे लोक येत नाहीत, हा माझा अनुभव आहे. तिसरा तुम्ही स्वतः वापरलेला आहे. शिक्षक मतदारसंघाला जांभळ्या पेनने नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे टाकत होता ना, तोच. सर्वांत कमी पहिली पसंती मिळालेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. उरलेल्या दोघांत ज्याला निम्म्याहून जास्त, तो अध्यक्ष. त्या मोजणीला मी दोन वेळा बसलो आहे.

निर्दोष रीत मला अजून भेटलेली नाही. आमच्याकडे नुकतीच महापालिका झाली. एकेकाने चार-चार बटणं दाबली. शेजारचे गृहस्थ बाहेर येऊन मला विचारत होते, चौथं आपण कुणाला दिलं असेल? म्हणून माझा आग्रह एकच. रीत कोणतीही घ्या, पण मतदानाआधी ठरवा आणि तिघांच्या सह्या घ्या. निकाल बघून रीत ठरवली की ती रीत राहत नाही.

मोजलेल्या मतपत्रिका तीन महिने बंद लखोट्यात ठेवायच्या. हेही लिहून घ्या.

आपला,
बुद्धभूषण दोंदे


येवला
३० जानेवारी २०२६

आदरणीय सर,
सलाम.

रविवार, ८ फेब्रुवारी ठरला. तेजलचं मी सभेत स्पष्ट सांगितलं. महेश म्हणाला, "भाची शिकते म्हणून आकडे बदलत नसतात." बाकी कुणाचीही हरकत आली नाही.

पसंतीची रीत समजावताना पाऊण तास गेला. फळ्यावर आंबा, पेरू, सीताफळ काढून दाखवलं. लताबाईंनी शेवटी हात वर केला. म्हणाल्या, "बाई, एकाला एक नंबर दिला आन् दुसऱ्याला दोन, म्हंजी पहिल्याशी बेइमानी नाय का?" मी म्हटलं, पहिला असेपर्यंत दुसऱ्याकडे कुणी बघतच नाही. त्यांनी बोटांवर एक-दोन मोजून बघितलं. मग म्हणाल्या, "मंग ठीक हाय. मेल्यावरचं दान."

तिघांनीही सह्या केल्या. महेशला वाटतं, पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळतील. इनायतला वाटतं, लताबाईंची मतं त्याच्याकडे येतील. लताबाईंना काय वाटतं ते त्यांनी सांगितलं नाही.

माझं मत कुणाला, हे तुम्ही विचारणार नाही आणि मीही सांगणार नाही. जेवण मात्र आमच्याकडे. इनायतच्या घरून, त्याच्या बायकोच्या, कशिशच्या हातचं.

आपली,
ताहेरा


जेल रोड, नाशिक रोड
११ फेब्रुवारी २०२६

ताहेरा मॅडम,
सप्रेम जय भीम.

दप्तरासाठी निकाल लेखी कळवतो.

एकूण सभासद ५७. मतदान ५७. बाद मतपत्रिका नाही. तिन्ही पसंत्या सर्वांनी भरल्या, हे विशेष.

पहिली फेरी : महेश २२, इनायत १९, लताबाई १६. लताबाई बाद.
दुसरी फेरी : लताबाईंच्या १६ मतपत्रिकांपैकी १० इनायतभाईंकडे, ६ महेशकडे. एकूण इनायत २९, महेश २८.

ठरलेल्या रीतीप्रमाणे इनायतभाई निवडून आले. लखोटा तिघांच्या सह्यांनिशी बंद करून आपल्या कपाटात ठेवला आहे.

सत्काराला आणि जेवणाला थांबलो नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पाचची एसटी गाठायची होती.

आपला,
बुद्धभूषण दोंदे


येवला
२ मार्च २०२६

आदरणीय सर,
सलाम.

पाचनंतर सहाचीही एसटी असते, सर, आणि सातचीही. इनायत हार गळ्यात घेऊन तुम्हाला शोधत होता. कशिशने दोन माणसांचं जास्त रांधलं होतं. तुम्ही हातात पिशवी घेऊन मोजणीच्या टेबलावरून थेट रस्त्याला लागलात. मला वाटलं होतं, पत्रात काही लिहाल. पत्र आलं ते सरकारी. माझ्या भावाचं निवडून येणं तुम्हाला आवडलं नाही, असंच मी धरते. एका मताने का होईना, तो आलाय.

रमजान चालू आहे. दुपारी डोकं चालत नाही म्हणून सकाळीच लिहून घेते.

इनायतने गेल्या आठवड्यात ठरवल्याप्रमाणे केलं. शिकाऊ मुलींची तुकडी बंद केली आणि ते चारही माग जुन्या घरांना दिले. लग्नसराईच्या साड्या अडल्या होत्या, त्या सुरू झाल्या. लताबाईंनी मुलींचे नमुने गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवले.

तेजलचं मला वाईट वाटतं. चौदा महिने बसली होती आणि आता कुठे काठातल्या राघूची चोच तिला नीट जमायला लागली होती. पण सर, सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. बहुमताने निवडलेल्या अध्यक्षाचा निर्णय आहे. मला आवडतो की नाही, हा प्रश्न उरत नाही. हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि तुम्हीही त्याच तत्त्वावर नोकरी केलीत.

आपली,
ताहेरा


जेल रोड, नाशिक रोड
९ मार्च २०२६

ताहेरा मॅडम,
सप्रेम जय भीम.

शुक्रवारी तेजल इथे आली, एक बॅग घेऊन. अंबडला एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं आहे, आमच्याकडून जाऊन-येऊन करणार. मी विचारलं, तुला राग नाही का आला? ओरडून सांगावं लागतं, म्हणून तिने ओरडूनच सांगितलं, "मामा, बहुमताने झालंय. राग कुणावर धरायचा?"

हा शब्द एका आठवड्यात दोन ठिकाणांहून माझ्यापुढे आला. आता गप्प राहणं खोटेपणाचं होईल.

इनायतभाईंचं निवडून येणं मला आवडलं नाही, असं तुम्ही धरलंत. मला त्यांच्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. मी पळालो तो मतपत्रिकांमुळे. मोजणी झाल्यावर सवयीने मी सगळ्या मतपत्रिका पुन्हा लावल्या. फक्त पहिली पसंती नाही, तर प्रत्येक पत्रिकेवर कोण कुणाच्या वर आहे, हे बघितलं. तुमचं लक्ष तेव्हा हाराकडे होतं.

महेशच्या २२ मतदारांपैकी १८ जणांनी दुसरा आकडा लताबाईंना दिला आहे. इनायतभाईंच्या १९ पैकी १७ जणांनी दुसरा आकडा लताबाईंनाच दिला आहे. म्हणजे निवडणूक फक्त लताबाई आणि महेश यांच्यात असती, तर लताबाई ३३, महेश २४. फक्त लताबाई आणि इनायतभाई यांच्यात असती, तर लताबाई ३४, इनायतभाई २३. दोघांनाही त्यांनी समोरासमोर हरवलं असतं. पण पहिला आकडा त्यांना सर्वांत कमी जणांनी दिला होता, म्हणून त्या आधी बाद झाल्या आणि त्यांची ताकद मोजायची वेळच आली नाही.

त्याच सत्तावन्न मतपत्रिका आहेत. सर्वांत जास्त मतांच्या रीतीने महेश येतो. पसंतीच्या रीतीने इनायतभाई येतात. जोडी-जोडीने मोजलं तर लताबाई येतात. रीत मी सुचवली होती.

आणखी एक. ज्या १७ जणांनी इनायतभाईंना एक आणि लताबाईंना दोन दिला, त्यांतल्या दोघांनी जरी हे आकडे उलटे टाकले असते, तरी पहिल्या फेरीत इनायतभाई १७ आणि लताबाई १८ झाल्या असत्या. बाद इनायतभाई झाले असते आणि लताबाई अध्यक्ष. दोन मतपत्रिका, मॅडम.

तेव्हाच का बोललो नाही? निकालानंतर रीतीत खोट काढू नये, हे मीच तुम्हाला लिहिलं होतं. आणि शिकाऊ मुलींत माझी भाची होती. मी लताबाईंचं नाव घेतलं असतं तर आकडे कुणी बघितले नसते, नातं बघितलं असतं.

निकाल बदला, असं मी म्हणत नाही. इनायतभाई ठरल्या रीतीने, रीतसर अध्यक्ष आहेत. फक्त मुलींचे माग बहुमताने काढले, असं म्हणू नका. ते कुणी विचारलेलंच नाही.

आपला,
बुद्धभूषण दोंदे


येवला
१४ मार्च २०२६

दोंदे सर,

पत्र मिळालं. एक विचारते. हे पत्र निवडणूक अधिकाऱ्याने लिहिलं की भाचीच्या मामाने? ती बॅग घेऊन तुमच्या दारात आली नसती, तर तुम्ही बोलला असता का?

लखोटा बंद आहे. मी उघडणार नाही.

ताहेरा मोमीन


येवला
४ एप्रिल २०२६

आदरणीय सर,
सलाम.

माझ्या त्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. देण्यासारखं मी काही ठेवलं नव्हतं. आता लिहायला पुष्कळ आहे, सावकाश लिहिते.

ईदच्या दिवशी लताबाई दर वर्षी शीरखुर्मा प्यायला येतात. यंदा येणार नाहीत असं धरून मी निश्चिंत होते. आल्या. ओट्यापाशी बसल्या, वाटी संपवली, आणखी अर्धी मागितली. माझ्या सांधेदुखीची चौकशी केली. मागांचा विषय काढला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. शीरखुर्मा गरम करायचं निमित्त करून मी उगीचच आत-बाहेर करत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिघांना शेडमध्ये बोलावलं आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. भाचीचा भागसुद्धा गाळला नाही.

इनायत ताडकन म्हणाला, "आपा, निकाल लागून दीड महिना झाला. आता हे काय?"

महेश म्हणाला, "मोजू तरी. लखोट्यावर आपल्या तिघांच्याच सह्या आहेत. आपण तिघे तयार असलो तर उघडू."

"मला नाय मोजायचं," लताबाई म्हणाल्या. "मी हारले. सही केली हाय."

"काकू, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी," महेश म्हणाला. "मी एका मताने पडलोय. मला बघू द्या." मग त्यांनी मान हलवली. इनायतनेही हलवली.

महेशने स्वतः मोजलं, जमिनीवर सतरंजी घालून, दोन वेळा. तेहतीस-चोवीस. चौतीस-तेवीस. तुमचा एक आकडाही चुकलेला नव्हता. तो उठून गुडघे झटकत म्हणाला, "बघायला गेलं तर सर्वांत जास्त पहिली मतं माझी. मीच खरा अध्यक्ष." कुणी हसलं नाही, म्हणून शेवटी तोच हसला.

इनायत बराच वेळ एकेक पत्रिका उचलून बघत होता. नुसत्या आकड्यांवरून पत्रिका कुणाची ते काय कळणार? तरी बघत होता. मग म्हणाला, "महेशच्या लोकांत चौघांनीच मला दोन नंबर दिला. बाकीच्यांनी शेवटचा. मी इतका नकोसा आहे?"

लताबाई म्हणाल्या, "तू नको नाय रे. तुझं दार बंद करणं नको."

मला वाटलं होतं, तो चिडेल. चिडला नाही. राजीनामाही दिला नाही आणि मी तसं सुचवलंही नाही. तुम्ही म्हणता तेच खरं, तो रीतसर निवडून आला आहे. पण २९ मार्चला त्याने सभा बोलावली, अध्यक्ष म्हणून, आणि एकच प्रश्न ठेवला : चार माग शिकाऊंना परत द्यायचे की नाही? तो म्हणाला, "यात दोनच उत्तरं आहेत. कोणत्याही रीतीने मोजा, निकाल एकच येईल." हे वाक्य त्याने तुमच्या पत्रावरून तयार केलं असावं.

सभेत तो स्वतः विरोधात बोलला. रेशमाचं, जुन्या घरांचं, लग्नसराईचं, सगळं मांडलं. चांगलं बोलला. नंतर चिठ्ठ्या पडल्या. मुलींच्या बाजूने ३६, विरोधात २०, एकजण आजारी. इनायतने उभं राहून आकडे वाचले. हातातल्या लग्नाच्या साड्या मागावरून उतरल्या की चारही माग मोकळे होतील. दोन तर आजच झाले. त्यांतला एक तेजलसाठी ठेवला आहे. कारखान्यातून सुटायला जे काही दिवस लागतील ते लागू देत, तिला घाई नको म्हणावं. पण यायचं आहे म्हणावं.

आता माझं. मागच्या पत्रात मी तुम्हाला मामा म्हणून टोचलं. खरं असं आहे की त्या दोन मतपत्रिकांचं वाचलं तेव्हापासून मला झोप नव्हती. त्यांतली एक माझी असू शकते. मतपेटीपुढे मी पेन घेऊन उभी होते आणि मला पक्कं ठाऊक होतं की अध्यक्ष लताबाई व्हाव्यात. तरी हाताने इनायतपुढे एक टाकला आणि लताबाईंपुढे दोन. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तुमच्यावर नात्याचा संशय घेतला, तेव्हा माझ्या मतावर माझंच नातं बसलेलं होतं. तुम्ही तुमचं नातं पहिल्याच पत्रात सांगितलंत. मी माझ्या भावाचं नाव सांगितलं आणि तेवढ्यात सगळं सांगून झालं असं समजले.

सभेनंतर लताबाई शेडमध्ये ट्रंक उघडून मुलींचे नमुने परत लावत होत्या. मी जाऊन सांगितलं, "लताबाई, मी तुम्हाला दोन नंबर दिला होता. एक द्यायचा होता."

त्या नमुना सरळ करत म्हणाल्या, "भावाला सोडून मला दिला आसता, तर मीच म्हनले आसते, कशी बाई हाय ही."

"मी आणि माझ्यासारख्या अजून एकाने तसं केलं नसतं तर तुम्ही अध्यक्ष असता."

"आसंल," म्हणाल्या. पुढचा नमुना उचलत त्यांनीच विचारलं, "बाई, त्ये दुसऱ्या फेरीत इनायत कितीनं आला?"

"एका मताने. तुमच्या सोळांतले दहा त्याच्याकडे गेले म्हणून. त्या दहांतलं एकही महेशकडे गेलं असतं तर महेश आला असता."

त्या हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या.

"माझी पन चिठ्ठी त्या सोळांतच आसंल की."

"असणारच. दोन नंबर कुणाला दिला होता?"

"इनायतला," त्या म्हणाल्या. "महेश काच लावनार व्हता. इनायत भांडतो, पन मागावर बसतो."

मग एकदम हसायला लागल्या, डोळ्यांना पदर लावून. दारात इनायत शेडची किल्ली द्यायला आला होता. त्याला कळेना काय झालं. त्याच्या हातातून किल्ली घेत त्या म्हणाल्या, "ये, अध्यक्ष. मीच निवडून आनलाय तुला. आता निस्तरायचंबी मलाच हाय."

आपली,
ताहेरा